मेल्यार साठ

ऑल्डकोटबाई, तुम्ही गेलात
तीस डिसेंबर एकोणीसशे चौसष्टला,
तुमच्याकडल्या कुठल्याशा गारठ्याच्या गावात, न्यूमोनियाने.
माझ्या आईचा दिवस मला पंचांगात बघावा लागतो.
तुमचा तोंडपाठ.

पुस्तक मिळालं सावंतवाडीच्या रद्दीत, एकोणनव्वद साली.
शेवटची आठ पानं वाळवीने नेलेली,
ती पुढे मुंबईहून झेरॉक्स करून आणली.
मीठखात्यातल्या भावाकडे तीन हिवाळे राहून
वेंगुर्ल्याच्या पुळणीवरचे शिंपले तुम्ही लिहिलेत.
मी मत्स्यखात्यात कारकून.
जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणावर वही ठेवून
एकेक पान मराठीत आणलं.

छापायचं म्हटल्यावर नाबर वकिलांनी बोटं मोजली:
"मेल्यार पन्नास. आनि ता वरस पुरा होवक व्हया."
म्हणजे दोन हजार चौदा सरेपर्यंत.
बरं म्हटलं, थांबू.
तर दोन-तीन वर्षांत दिल्लीने पन्नासाचे साठ केले.
नाबर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस,
कायदा तुझ्यावर डोळा ठेवून नाही केलेला.

लंडनला पत्र घातलं.
उत्तर आलं, जाड कागदावर, पौंडांत.
तेवढ्यात शेजारच्या होडीला इंजिन आलं असतं.
वही डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवली.

एक कबूल करते.
तुमची तारीख पहिल्यांदा कळली तेव्हा मला बरं वाटलं.
हिशोब पुढच्या जानेवारीपासून धरतात.
आणखी तीन दिवस तुम्ही श्वास ओढला असतात
तर माझं एक वर्ष गेलं असतं.
परक्या बाईच्या न्यूमोनियावर
असा जीव लावू नये.
लावला.

आणि पान एकशे बारा.
'किनाऱ्यावरची एक म्हातारी म्हणाली', एवढंच.
तिसऱ्या, खुबे, मुळे, शिनाणे,
कुठल्या सुकतीला काय उकरायचं,
कशाचा रस्सा बाळंतिणीला चालत नाही,
सगळं ती म्हणाली. छापलंत तुम्ही.
नाबरांना विचारलं, हिचे किती?
ते चष्मा पुसत राहिले.
नुसत्या बोललेल्याला मुदत नसते म्हणे,
कारण हक्कच नसतो.

दोन मे महिने खवण्याला फेऱ्या मारल्या.
शेवटी जाळं विणता विणता एकजण वर न बघता म्हणाला,
"ती आमची बायजा. तांडेलांची."
कधी गेली?
"मोठ्या उधाणाच्या वर्सा."
मोजा आता त्यापुढे साठ.
तळटीप घातली आहे, बाई, तुमच्या परवानगीशिवाय:
नाव, गाव, आणि तारखेच्या जागी उधाण.

आज एकतीस डिसेंबर. सागरेश्वराच्या पुळणीवर
कोल्हापूरची गाडीभर मुलं फटाके घेऊन आली आहेत.
बाराला पहिला बाण सुटला, माडांच्या वर फुटला.
तो तुमच्यासाठी होता हे त्यांना कुठलं माहीत.
मी पेटी उघडली. डांबराच्या वासाने ठसका लागला,
एकटीच हसले.

तुमच्या देशात अजून दहा वर्षं तुम्ही तुमच्याच.
तिकडे सत्तर.
म्हणजे इथला हापूस बोटीने लंडनला जाईल,
हे पुस्तक तूर्त घाटापर्यंत.

सकाळी दिगंबर प्रेसवाला येईल, टाइप केवढा घालू विचारील.
मोठा घाल म्हणणार आहे, मलाही वाचायचं आहे.
भाषांतर मात्र माझं, असं नाबरांचा मुलगा सांगतो;
मी मेल्यार साठ.
कोण थांबणार आहे माझ्यासाठी, कुठल्या पेटीपाशी,
पण असलंच कोणी खुळं,
तर त्याच्या सोयीने डिसेंबरअखेर जावं म्हणते.
महिना तसा बरा आमच्याकडे.
वारा पडलेला असतो. लाकडं सुकी मिळतात.